गूगल अर्थ इंजिन

उपग्रहांनी टिपलेल्या पृथ्वीच्या प्रतिमा साठवणारा आणि त्यांवरची आकडेमोड तिथल्या तिथेच करून देणारा संगणकीय मंच. ‘गूगल अर्थ’शी नावाचे साम्य असल्याने गल्लत होते, पण तो पृथ्वी पाहण्यासाठी आहे, हा मोजण्यासाठी. डिसेंबर २०१० मध्ये मेक्सिकोतील कानकून येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत तो जाहीर झाला.

त्याआधीची एक घटना मात्र जास्त महत्त्वाची म्हणावी लागेल. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सुटला, पण त्या मालिकेतल्या प्रतिमा पुढे बराच काळ विकत घ्याव्या लागत. २००८ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तो सगळा साठा मोफत खुला केला. पैशांची अडचण संपली आणि आकारमानाची सुरू झाली. लँडसॅटची एक प्रतिमा सुमारे १८५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश व्यापते. एखाद्या देशाच्या वीस वर्षांच्या प्रतिमा उतरवून घेण्यातच संशोधकाचे महिने जात. अर्थ इंजिनने हा क्रम उलटा केला. प्रतिमा जिथे आहेत तिथेच राहतात, प्रश्न तेवढा त्यांच्याकडे पाठवायचा.

हा प्रश्न जावास्क्रिप्ट किंवा पायथन या भाषांत लिहिला जातो. लिहिलेली ओळ लगेच चालत नाही. आधी कृतींची नुसती साखळी तयार होते आणि उत्तर मागितले गेले की लागेल तेवढ्याच भागावर, लहान चौकोनी तुकडे पाडून, अनेक संगणकांवर ती एकाच वेळी चालवली जाते. वेगाचे रहस्य हेच, आणि नवख्यांची फसगत होते तीही इथेच. प्रत्येक प्रतिमेच्या क्रमाने ढोबळ होत गेलेल्या प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात. नकाशा लांबून पाहिला की गणित सरासरी काढलेल्या ढोबळ पिक्सेलांवर (प्रतिमेतल्या सर्वांत लहान चौकोनांवर) होते आणि अरुंद ओढे दिसेनासे होतात. जवळ गेले की तेच ओढे पुन्हा अवतरतात. क्षेत्रफळ काढताना पिक्सेलचा आकार किती धरायचा हे स्वतः सांगितले नाही, तर हाती येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

मंचाचा बोलबाला झाला तो २०१३ मध्ये, मेरिलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने केलेल्या जागतिक वननकाशामुळे. लँडसॅटच्या साडेसहा लाखांहून अधिक प्रतिमा तपासून २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेले आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आले, असे या गटाने दाखवले. इथे ‘वृक्षाच्छादन’ हा शब्द नेमकेपणाने वाचायला हवा. लाकडासाठी लावलेली बाग तोडली तरी ती घटीतच मोजली जाते. जंगलतोड आणि ही घट एकच नव्हेत. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने सुमारे ३० लाख प्रतिमांमधून १९८४ ते २०१५ पर्यंतचा भूपृष्ठजलाचा नकाशाही याच मंचावर केला.

युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ मध्ये कक्षेत गेला आणि जमिनीवरच्या १० मीटर बाजूच्या चौकोनाएवढे पिक्सेल मोफत मिळू लागले. त्यानंतर भर पडलेल्या सुविधांचा कल एकाच दिशेने आहे : कच्च्या प्रतिमेऐवजी अर्थ लावलेली प्रतिमा देणे.

ढगांचेच घ्या. पूर्वी पिक्सेल ढगाळ किंवा स्वच्छ, असा दोन तुकड्यांचा निवाडा असे. विरळ ढग आणि सावल्या त्यातून निसटत. २०२३ मध्ये आलेला ‘क्लाउड स्कोर प्लस’ हा संच प्रत्येक पिक्सेल किती स्पष्ट दिसतो याला ० ते १ मध्ये गुण देतो. मर्यादारेषा वापरणाऱ्याने आखायची. ती फार वर नेली तर चांगल्या प्रतिमाही हातच्या जातात.

जून २०२२ मधला ‘डायनॅमिक वर्ल्ड’ हा संच पाणी, झाडे, गवत, पाणथळ वनस्पती, पिके, झुडपे, बांधकाम, उघडी जमीन आणि बर्फ अशा नऊ वर्गांत जमीन विभागतो, तोही नवी प्रतिमा येईल तसतसा. त्यात प्रत्येक वर्गाची संभाव्यताही दिलेली असते. बहुतेक जण ती न उघडता नुसता रंगीत नकाशा उचलतात, हे वेगळे.

२०२५ मध्ये मंचावर आलेला उपग्रह-एम्बेडिंगांचा, म्हणजे प्रत्येक जागेचे सार सांगणाऱ्या आकड्यांच्या मालिकांचा, संच त्याहून पुढे जातो. गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फाअर्थ फाउंडेशन्स’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने वर्षभराच्या रडार, प्रकाशीय आणि इतर नोंदी पचवून १० मीटरच्या प्रत्येक पिक्सेलला ६४ आकडे दिले आहेत. मोजक्या नमुन्यांवरून तशीच ठिकाणे शोधणे किंवा दोन वर्षांमधला बदल टिपणे यामुळे फार सोपे झाले. मात्र सुट्या आकड्याला अर्थ नाही. निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचे परावर्तन घटले की झाडोरा सुकला असावा, असा तर्क तरी करता येतो. छत्तिसावा आकडा घटला म्हणजे काय झाले, हे कोणी सांगू शकत नाही.

तयार माल हाती येण्याआधीही त्यात गफलती शिरू शकतात. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या पिक्सेलांच्या मूल्यांत १००० ची भर घालायला सुरुवात केली. जुन्या-नव्या प्रतिमा सरळ जोडल्या की त्या तारखेला आलेख उडी मारतो आणि जमिनीवर मात्र काहीच झालेले नसते. मंचावर ही भर वजा केलेला वेगळा संच आहे, तोच वापरावा.

संशोधन, शिक्षण आणि अन्य बिगरव्यापारी कामासाठी मंच नोंदणी करून विनामूल्य वापरता येतो. व्यापारी वापर जून २०२२ पासून सशुल्क आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘प्लॅनेटरी कॉम्प्युटर’ आणि युरोपची ‘कोपर्निकस डेटा स्पेस’ ही जवळची पर्यायी ठिकाणे. अर्थ इंजिनसाठी लिहिलेला कार्यक्रम तिथे जसाच्या तसा चालत नाही, तो नव्याने लिहावा लागतो.