आतून धुतल्याने एचआयव्ही टळत नाही

संबंधानंतर योनी आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतली की एचआयव्हीची भीती नाही, हा समज नागपुरात अजूनही एकीकडून दुसरीकडे जातो. तो घातक आहे. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून संरक्षण देतात. आतून धुतल्याने तेच कमी होतात. मग दाह, म्हणजे आतली सूज, वाढू शकतो. दाह झाला की शरीर तिथे सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाठवतं, आणि एचआयव्ही शिरतो तो नेमका याच पेशींत! दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासातही जननमार्गात दाह असलेल्या स्त्रियांना लागण जास्त आढळली. बाहेरून साधं पाणी पुरे.

कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर अजिबात न लाजता लगेच मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठा. एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात.