चित्रकारांच्या धर्तीवर मुलांची हस्तकला : पार्श्वभूमी

फ्रेंच चित्रकार मातीसच्या धर्तीवर घोटीव कागदाचे चिकटकाम, ठिपक्यांनी चित्रे रंगवणाऱ्या स्यूराच्या धर्तीवर कापसाच्या काडीने उमटवलेले ठिपके, डच चित्रकार मोंद्रिआनच्या काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या चौकटींत लाल, पिवळा, निळा रंग : बालचित्रकलेच्या वर्गांत हे उपक्रम आता इतके रुळले आहेत की ते पूर्वापार चालत आले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात मुलांसमोर थोर चित्रकाराचे चित्र ठेवावे की ठेवू नये, या प्रश्नावर कलाशिक्षणात सुमारे शंभर वर्षे तीव्र मतभेद होते. या इतिहासातली एक गोष्ट बहुधा सांगितलीच जात नाही, ती अशी की मुलांनी चित्रकारांकडून शिकण्याआधी चित्रकारच मुलांकडून शिकले होते.

एकोणिसाव्या शतकात शाळेतील चित्रकला म्हणजे नक्कल होती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून पसरलेल्या पद्धतीत रेषा, भूमिती, नक्षी आणि वस्तूचे अचूक रेखाटन यांचा सराव असे, कारण कारखान्यांसाठी तयार हात घडवणे हा तिचा उघड हेतू होता. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेवरही या पद्धतीचा ठसा होता, आणि महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांमधील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही विभागणी पाहिली की त्या शिस्तीचा वंश आजही ओळखू येतो. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध चित्रांच्या एका सेंटला मिळणाऱ्या छापील प्रती शाळांत पोहोचल्या; पण त्या पाहण्यासाठी आणि त्यांतून संस्कार घडावेत यासाठी होत्या.

या सगळ्याला छेद दिला तो व्हिएन्नाचे कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी. विद्यार्थिदशेत ते एका सुताराच्या घरी राहत असताना घरातली मुले आपणहून काढत असलेली चित्रे त्यांनी पाहिली, आणि मुलांच्या चित्रांना स्वतःचे नियम असतात, ती मोठ्यांच्या चित्रांची अपुरी आवृत्ती नसतात, हे त्यांच्या मनाने घेतले. १८९७ साली त्यांनी मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. तेथे मुले रंगवत, कागद कापून चित्रे करीत, लिनोलियम (जमिनीवर अंथरायचे मऊ आवरण) कोरून ठसे काढत. समोर नमुना मात्र ठेवला जात नसे. चिझेक यांच्या भोवतीचे नव्या वळणाचे व्हिएन्नी कलावंत ही चित्रे पाहून भारावले. पहिल्या महायुद्धानंतर या मुलांच्या कामाचे प्रदर्शन इंग्लंडमध्ये फिरले आणि तेथील शिक्षकांच्या एका पिढीची दृष्टी पालटली.

महायुद्धाच्या आधीच चित्रकार पॉल क्ले यांनी १९११ साली आपल्या कामाची सूची तयार करायला घेतली आणि तीत स्वतःची बालपणीची निवडक चित्रे नोंदवली. वासिली कांदिन्स्की आणि गाब्रिएले म्यूंटर हे चित्रकार मुलांची चित्रे जमवत, आणि १९१२ साली म्यूनिकहून निघालेल्या ‘निळा घोडेस्वार’ या वार्षिकात लोककला आणि नव्या चित्रांच्या शेजारी मुलांची रेखाटने मानाने छापली गेली. बालवर्गांत सर्वाधिक वापरले जाणारे कांदिन्स्की यांचे बारा चौकटींतल्या समकेंद्री वर्तुळांचे चित्र त्यानंतरच्याच वर्षीचे, म्हणजे १९१३चे आहे. मात्र ते पूर्ण चित्र नव्हे. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोघांचे काय होते, हे आजमावण्यासाठी केलेला तो लहानसा अभ्यास आहे. तो वर्गात केवळ बारा चौकटींची सजावट होऊन येतो, तेव्हा चित्रकाराचा प्रश्न वगळून मुलांच्या हाती फक्त त्याचे उत्तर दिले जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

चिझेक यांची भूमिका पुढे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी अधिक कडक केली. १९४७ सालच्या त्यांच्या ग्रंथात छापील आकार रंगवण्याच्या पुस्तकांना स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडे १९४४ साली शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आलेले कलाशिक्षक देवी प्रसाद नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीच्या, शाळेत कलेला शिक्षणाचा पाया मानून काम करत होते.

लोवेनफेल्ड यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी मातीस यांचे ‘जाझ’ हे कापीव कागदांच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस यांना फार वेळ उभे राहणे जमेना. त्यांचे साहाय्यक पांढऱ्या कागदांना अपारदर्शक जलरंग लावून देत, मातीस खुर्चीत किंवा अंथरुणात बसून थेट कात्रीने आकार कापत, आणि ते भिंतीवर टाचण्यांनी लावून मनासारखे जमेपर्यंत हलवले जात. अशा तुकड्यांचे १९५३ सालचे ‘गोगलगाय’ हे चित्र जवळजवळ तीन मीटर लांबरुंद आहे. ही पद्धत वर्गात सहज रुजली, कारण साधने साधी होती आणि रेखाटन येत नाही म्हणून कोणी मागे राहत नव्हते. पण तयार घोटीव कागद वापरला की रंग स्वतः करण्याचा अर्धा भाग गळतो, आणि तुकडे लगेच डिंकाने चिकटवले की हलवून पाहण्याचा उरलेला अर्धाही जातो. मुलांना निदान एक तास तुकडे नुसते सरकवू द्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चित्रकारांचे नाव घेऊन शिकवण्याला अधिकृत बळ मिळाले ते १९८०च्या दशकात. अमेरिकेत कलेसाठी काम करणाऱ्या गेटी न्यासाने १९८२ साली कलाशिक्षणासाठी केंद्र स्थापले, आणि निर्मितीबरोबर कलेचा इतिहास, समीक्षा व सौंदर्यविचार हेही मुलांना शिकवावेत अशी मांडणी तेथून जोमाने झाली. इंग्लंडमध्ये १९९२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने कलावंतांची ओळख प्राथमिक शाळेतच आवश्यक केली. हेतू चांगला होता. मुलाला कलेच्या परंपरेपासून दूर ठेवण्यात कसला मोकळेपणा, हा प्रश्न रास्तच होता. परंतु चित्रकला न शिकलेल्या वर्गशिक्षकांवर हे काम पडले, तेव्हा व्हॅन गॉगची सूर्यफुले भिंतभर एकसारखी उमटू लागली आणि नक्कल नव्या नावाने परत आली, अशी टीका तेथील कलाशिक्षकांनीच केली.

लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९५ साली सुरू केलेला उपक्रम या दृष्टीने वेगळा आहे. गॅलरी आपल्या संग्रहातील एकच चित्र निवडते, शाळा त्यावर दीर्घ काळ काम करतात, आणि मुले त्यातून जो धागा पकडतील तो कापड, माती, नाट्य किंवा विज्ञानाच्या प्रयोगापर्यंतही जाऊ शकतो. मूळ चित्रासारखे दुसरे चित्र काढण्याची अपेक्षा त्यात नसते, आणि निवडक काम गॅलरीतच प्रदर्शित केले जाते.