बेपत्ता स्त्रीचा शोध आणि खासगी गुप्तहेर : पार्श्वभूमी

खासगी गुप्तहेरांचा व्यवसाय हरवलेल्या माणसांसाठी उभा राहिला नव्हता. आधी गुन्हेगार आणि पुढे पोलीस अधिकारी झालेल्या विदोक या फ्रेंच माणसाने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काढलेली कचेरी मुख्यतः व्यापाऱ्यांना ठकसेनांची माहिती पुरवत असे, तर शिकागोत १८५० च्या सुमारास सुरू झालेली पिंकर्टनची संस्था रेल्वे कंपन्यांच्या कामावर वाढली. घरातल्या मुलीच्या शोधासाठी कुटुंबे या लोकांकडे का वळली, हे न्यूयॉर्कमधील दोन प्रकरणांतून कळते.

डोरोथी अर्नोल्ड ही श्रीमंत घरातील तरुणी १२ डिसेंबर १९१० रोजी खरेदीला गेली आणि परतली नाही. बोभाटा होऊ नये म्हणून कुटुंबाने आधी परिचित वकिलाला आणि नंतर पिंकर्टनच्या माणसांना शोधाला लावले. ही बाब वृत्तपत्रांत जाहीर झाली तेव्हा सुमारे सहा आठवडे उलटले होते. तिचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.

रुथ क्रुगरच्या बाबतीत दोष कुटुंबाचा नव्हता. फेब्रुवारी १९१७ मध्ये ही अठरा वर्षांची मुलगी धार लावायला दिलेले स्केट (बर्फावर घसरण्यासाठीचे पाते लावलेले बूट) आणायला गेली. ती परतली नाही तेव्हा घरच्यांनी पोलिसांकडे धाव घेतली, परंतु ती कोणाबरोबर तरी पळून गेली असावी, असे पोलिसांनी जवळजवळ ठरवूनच टाकले. स्केटला धार लावणारा दुकानदार अल्फ्रेडो कोकी इटलीला पसार झाला, तरी हा समज हलला नाही. ग्रेस ह्युमिस्टन या वकील बाईंनी तो मुळातच नाकारून तपास हाती घेतला आणि पोलिसांनी आधी पाहिलेल्या त्याच दुकानाच्या तळघरात जूनमध्ये खोदकाम करवले, तेव्हा रुथचा मृतदेह सापडला. मोटारसायकल पथकातील काही पोलिसांचे कोकीशी लाचखोरीचे संबंध होते, हेही पुढे उघड झाले. मुलीच्या चारित्र्याविषयीचा एक सोयीस्कर तर्क तपास कसा थोपवू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

मात्र शोधून काढण्याचे हे कौशल्य स्त्रीच्या जिवावरही उठू शकते. १९९९ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये एका तरुणीच्या मागे लागलेल्या इसमाने तिच्या कामाचा पत्ता इंटरनेटवरील एका तपास कंपनीकडून विकत घेतला आणि तिथेच तिचा खून केला. त्या खटल्यात २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, माहिती विकणाऱ्या तपासनीसावर ज्या व्यक्तीची माहिती दिली जाते तिच्याप्रतीही वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य असते.