संत्र्याच्या सालीवरची जखम आणि ओव्याचे तेल

विदर्भातल्या वरूड-मोर्शी आणि काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या संत्र्यांची, तोडणी झाली, की चार-सहा दिवसांनी त्या मालाचे एखादे क्रेट उघडून पाहावे. एखाद्या फळावर पाणी सुटल्यासारखा मऊ डाग असतो, तर दुसऱ्यावर त्याच डागाभोवती पांढरे कडे आणि मधोमध हिरवट भुकटी. फळ उचलताच ती धुरासारखी उडते आणि शेजारच्या फळांवर बसते. ही पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची बुरशी.

धड सालीतून तिला आत शिरता येत नाही. देठ ओढून तोडताना झालेली किंवा नखाने पडलेली जखम तिला लागते. त्या जखमेतून सालीतले तेल सुटते आणि त्यातल्या लिमोनीनमुळे बुरशीचे बीजाणू, म्हणजे त्या हिरवट भुकटीतले कण, उलट अधिक जोमाने रुजतात. त्यामुळे उग्र वासाची प्रत्येक वनस्पती बुरशी मारतेच, हा समज सोडलेला बरा.

ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल आणि गवती चहातले सिट्रल मात्र खरोखर उपयोगी पडतात. हे घटक स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, म्हणून बुरशीच्या पेशीभोवतीच्या स्निग्ध पापुद्र्यात शिरून तो सैल करतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपू लागतो. पाण्यात मात्र ते फारसे विरघळत नाहीत, शिवाय वाफेबरोबर उडून जातात. काढा उकळताना घरभर दरवळतो तो वास म्हणजे निघून चाललेले औषधच. निव्वळ तेल लावावे, तर साल पोळून तपकिरी डाग पडतात आणि संत्र्याला ओव्याचा वास लागतो.

यावर मला सर्वांत पटणारा मार्ग म्हणजे तेलाचा अल्प अंश खाण्यायोग्य लेपात मिसळणे. कोरफडीच्या गरात 98 टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागातल्या लांब साखळ्यांच्या शर्करा वाळल्यावर पातळ पापुद्रा धरतात, तेल जागेवर राहते आणि फळातले पाणीही कमी उडते. 2005 मध्ये स्पेनमधील संशोधकांनी नुसत्या कोरफडीच्या लेपाने द्राक्षे 1 अंश सेल्सिअसला 35 दिवसांपर्यंत टिकवली. लेप नसलेली 7 दिवसांतच खराब होऊ लागली. अर्थात, द्राक्षाचे आकडे जाड सालीच्या संत्र्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. गर काढण्यापूर्वी पान कापून उभे ठेवावे आणि सालीखालचा पिवळा, कडू, जुलाब करणारा रस पूर्ण निथळू द्यावा.

संत्रे तोडल्यावर आणखी गोड होत नाही, त्यामुळे लेपाने चव वाढत नाही; आहे ती जपली जाते, तीही वेळ साधली तरच. बीजाणू जखमेत रुजून आत उतरला, की वरच्या तेलाचा त्याला उपद्रव होत नाही. म्हणून लेप तोडणीच्याच दिवशी लावावा, आणि त्याआधी फळ ओढून न तोडता कात्रीने, देठ सालीलगत ठेवून कापावे. लांब राहिलेला देठ क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो.