कापूर हुंगून ऑक्सिजन वाढतो का?

इंदूरच्या मराठी मंडळींत हिमालयाचे बेत शिजू लागले की तो जुना फॉरवर्ड फिरतोच: उंचावर दम लागला तर कापराची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो.

हवेत ऑक्सिजन इथेही सुमारे २१ टक्के, तिथेही तेवढाच. पण ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. कापूर दाब वाढवत नाही. नाकातल्या थंडावा टिपणाऱ्या नसा चेतवतो. श्वास मोकळा वाटतो, हे खरंच.

पडताळायचंय? बोटाला ऑक्सिमीटर लावा, पाच मिनिटं स्वस्थ बसा, आकडा स्थिरावला की मग हुंगा. (एरवी बसल्यानेच आकडा चढतो आणि श्रेय कापराला!)

पायवाट सोडून दूरवर हिंडताना मदत लांब असते. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखून मळमळलं तर तिथेच थांबा, त्रास वाढला तर खाली उतरा. आणि कापूर खाऊ नका, तो विषारी आहे.