सिंगळीकाची वाट झाडांवरून जाते

जोगचा धबधबा पाहायला शरावतीच्या जंगलातून जाताना क्वचित हे माकड दिसतं. अंग काळंकुळकुळीत, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. कन्नडमध्ये हा सिंगळीक, मराठीत सिंहपुच्छी माकड. पश्चिम घाटाचा कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतला भाग सोडला तर जगात कुठल्याच रानात तो नाही. जंगलात उरलेत जेमतेम चार हजार.

मादीला पहिलं पिल्लू होतं सहाव्या-सातव्या वर्षी, पुढच्या दोन वेतांत अडीच-तीन वर्षांचं अंतर. म्हणून कळपातली एक मादी गाडीखाली गेली, तर ती तूट भरायला वर्षं लागतात.

आणि गाडीखाली जाण्याचं कारण सरळ आहे. सिंगळीक दिवसाचा बहुतेक वेळ उंच झाडांवर काढतो. फांदीला फांदी भिडलेली असली की त्याला खाली उतरावं लागत नाही. रस्ता रुंद झाला, चहाचा मळा मध्ये आला, की उतरावंच लागतं. तमिळनाडूत वालपराईजवळ पुदुतोट्टमला जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या रानात दीडशेहून जास्त माकडं अडकली आहेत. तिथे रस्त्यावर आगीच्या बंबाच्या जुन्या कॅनव्हास नळ्यांचे झुलते पूल बांधले आहेत. पूल हवा तो माकडं मुळात जिथून ओलांडतात तिथेच, आणि दोन्ही टोकं पसरट फांद्यांत मिसळलेली. उघड्या बुंध्याला बांधला तर त्यापर्यंत पोचायचं कसं? बांधणीही दरवर्षी तपासावी लागते, कारण खोड जाड होत जातं आणि दोर सालीत रुततो. पर्यटकांनी टाकलेला एक वेफरचा पुडा मात्र हे सगळं फुकट घालवतो. खाणं रस्त्यावर मिळालं की माकड पुलावरून जाईल कशाला?

कर्नाटकात शिरसी-होन्नावरच्या बाजूला दुखणं वेगळं. तिथे ऐन पावसाळ्यात सिंगळीक उप्पगेच्या फळांवर जगतो. हे झाड आपल्या कोकमाचं भाऊबंद; वाळवलेल्या सालीला बाजारात चांगली मागणी. झाड कुणाच्याच मालकीचं नसल्याने दुसऱ्याने नेण्याआधी म्हणून फळं कच्चीच उतरवतात, कधी फांद्याच तोडतात. पावसात साल वाळवायला वर लाकूड जळतं ते निराळंच. झाडं गावकऱ्यांना वाटून दिली, फळं पिकल्यावरच काढली आणि काही झाडावर राखली, तर माणसाचं आणि माकडाचं दोघांचंही भागतं. कमी लाकडात चालणाऱ्या भट्ट्या तर आत्ताही बसवता येतात.

केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात होऊ घातलेलं धरण १९८३ मध्ये रद्द झालं, त्या लढ्याचा चेहरा हेच माकड होतं. शरावती खोऱ्यात २०१९ साली त्याच्या नावाने अभयारण्यही झालं. आता त्याच खोऱ्यात २,००० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे खालचं पाणी पंपाने वर चढवून पुन्हा सोडून वीज करणारा, येऊ घातला आहे. त्याच्या रस्त्यांसाठी झाडं कुठे तुटणार, हे नकाशावर आधी पाहायला हवं. कळपाची वाट तिथूनच जात असेल.