दारावरची रेघ: व्हिज्युअल केईचे छोटे बँड आणि त्यांचे चाहते

तोक्योच्या एखाद्या तळघरातल्या लाइव्ह हाउसमध्ये तिकीट पुढे केलं की आत सोडण्याआधी एक प्रश्न येतो: आज कोणत्या बँडसाठी आलात? एकच नाव सांगायचं असतं. दारावरचा माणूस त्या नावापुढे एक रेघ ओढतो. कार्यक्रम संपल्यावर त्या रेघा मोजल्या जातात आणि कोणाला पैसे मिळणार, कोणाला खिशातून भरावे लागणार हे तिथेच ठरतं. व्हिज्युअल केई म्हणजे भडक पोशाख, केशभूषा आणि रंगभूषा करून मंचावर येणाऱ्या जपानी बँडांची पठडी. तिच्यातल्या अनोळखी बँडांचे चाहते बाहेरून पाहणाऱ्याला अतिरेकी वाटतात. एकाच गाण्याच्या तीन सीडी घेतात, एकाच गिटारवादकाचे चाळीस फोटो जमवतात, त्याच महिन्यात त्याच बँडला चौथ्यांदा पाहायला जातात. या वागण्याचा उगम पुष्कळसा त्या रेघेत आहे.

हिशेब असा. छोट्या बँडांचे कार्यक्रम बहुतेक ‘तैबान’ असतात, म्हणजे एका रात्री पाच-सहा बँड, प्रत्येकाला साधारण अर्धा तास. सभागृह प्रत्येक बँडवर तिकिटांचा कोटा टाकतं. त्याला ‘नोरुमा’ म्हणतात. (शब्द रशियन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैबेरियातल्या छावण्यांमधून परतलेल्या जपानी युद्धकैद्यांनी तो सोबत आणला, आणि आता रॉकवाले तो रोज वापरतात.) समजा, कोटा २० तिकिटांचा आणि तिकीट २,५०० येनचं. म्हणजे ५०,००० येन सभागृहाला द्यायचेच. बँडच्या नावावर १२ रेघा पडल्या तर उरलेल्या आठ तिकिटांचे २०,००० येन पदरचे. विसाच्या पुढच्या तिकिटांवर ठरलेला वाटा, बरेचदा निम्मा, बँडला परत मिळतो. शिवाय प्रत्येक प्रेक्षकाला दारातच ५००-६०० येनचं पेय घ्यावं लागतं, कारण बहुतेक लाइव्ह हाउसची सरकारदरबारी नोंद खाण्यापिण्याची जागा म्हणून असते. ते पैसे सभागृहाचे. बँडला त्यातलं काही मिळत नाही.

साध्या रॉक बँडला हे जेमतेम परवडतं. व्हिज्युअल केईच्या बँडला त्यावर पोशाख, केशभूषा, रंगभूषा आणि प्रसिद्धीच्या फोटोंचा खर्च असतो, आणि नवं गाणं आलं की बहुधा पोशाखही नवा लागतो. फक्त तिकिटांवर हे गणित बसत नाही, कधी बसलंही नाही. तूट भरून काढायला जे जे मार्ग निघाले, त्यांतूनच चाहत्यांच्या सवयी घडल्या.

सुरुवातीलाही पैशाचाच प्रश्न होता. १९८२मध्ये चिबा प्रांतातल्या तातेयामात योशिकी आणि तोशी यांनी ‘एक्स’ हा बँड काढला. १९८५मध्ये पहिली तबकडी आली ती एका छोट्या कंपनीकडून. पुढच्याच वर्षी योशिकीने स्वतःची ‘एक्स्टसी रेकॉर्ड्स’ सुरू केली, आणि एप्रिल १९८८मध्ये बँडचा पहिला अल्बम त्याच नावाखाली निघाला. त्याच १९८६मध्ये ओसाकात ‘कलर’ बँडच्या डायनामाइट टॉमीने ‘फ्री-विल’ उभी केली. दोघेही बँडमधलेच, दोघांनीही धंदा हातात घेतला, आणि दोघांनी आपल्याहून लहान बँडांना जागा दिली. ल्यूना सीचा पहिला अल्बम १९९१मध्ये एक्स्टसीनेच काढला. वरच्या बँडने खालच्याला हात द्यायचा, खालच्याने आधी त्यांची वाद्यं वाहायची, ही रीत तेव्हाच पक्की झाली. वाद्यं वाहणाऱ्या अशा ‘रोडी’ मुलांमधून पुढचे किती बँड निघाले! म्हणून मुरलेले चाहते नव्या बँडचा बासवादक आधी कोणाचा रोडी होता हे पहिल्यांदा बघतात. आवाज कुठल्या वळणाने जाणार याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

नाव नंतर पडलं. एक्सच्या १९८९च्या ‘ब्लू ब्लड’ अल्बमवर ‘सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक’ अशी घोषणा होती. १९९०मध्ये ‘शॉक्स’ मासिक सुरू करणारे संपादक सेइइची होशिको यांना त्यातून ‘व्हिज्युअल शॉक केई’ आणि पुढे नुसतं ‘व्हिज्युअल केई’ हे नाव रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं. ‘केई’ म्हणजे वळण, पठडी. हा संगीताचा प्रकार नाही, हे इथेच लक्षात घ्यावं. एकाच फलकावर एक बँड थ्रॅश मेटल वाजवतो, दुसरा पोस्ट-पंक, तिसरा निखळ पॉप. त्यांना बांधून ठेवतात ती सभागृहं, मासिकं, दुकानं आणि तेच ते चाहते.

नागोया शहराकडे मात्र वेगळं पाहावं लागतं. कुरोयुमे आणि सिल्व्हर-रोझ या बँडांपासून, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून, तिथे एक काळवंडलेला, तोक्योच्या झगमगाटाला पाठ फिरवलेला आवाज तयार झाला. लापुता, रुआज, मेरी गो राउंड, मग केइन आणि डेडमन. ‘नागोया केई’ हे नाव आज सैलपणे कुणालाही चिकटवतात. पण खरी खूण पोशाखात सापडत नाही. ती गिटारमध्ये आहे: तुटक, कर्कश, सुरांमध्ये मुद्दाम ठेवलेला ताण, आणि खाली पुढे रेटणारा बास. यांतले काही बँड आपल्या काळात मोठे झालेच नाहीत, तरी वीस वर्षांनंतरचे बँड त्यांचीच नावं घेतात.

नव्वदच्या उत्तरार्धातली लाट थोडक्यात सांगता येते. १९९६मध्ये टीव्ही असाहीवर ‘ब्रेक आउट’ हा कार्यक्रम सुरू झाला. मालिस मिझेर, ला’क्रिमा क्रिस्टी, शाझ्ना आणि फॅनॅटिक क्रायसिस यांना ‘चार दिक्पाल’ म्हणू लागले. मोठ्या कंपन्यांनी दिसेल त्याला करारबद्ध केलं. ३१ डिसेंबर १९९७ला एक्स जपानचा (‘एक्स’चंच हे नंतरचं नाव) निरोपाचा कार्यक्रम झाला, २ मे १९९८ला त्यांचा गिटारवादक हिदे वारला, जून १९९९मध्ये मालिस मिझेरचा ढोलवादक कामी वारला. ३१ जुलै १९९९ला ग्ले बँडने माकुहारीत दोन लाख लोकांपुढे कार्यक्रम केला, पण तोवर ग्लेची रंगभूषा बरीच उतरली होती. कंपन्या गेल्या, कॅमेरे गेले. खाली तळघरांत मात्र तैबान चालूच राहिले. बाहेरच्यांनी ज्याला ऱ्हास म्हटलं, त्याच काळात छोट्या बँडांची अर्थव्यवस्था खऱ्या अर्थाने आकाराला आली.

तिचं पहिलं चलन म्हणजे डेमो टेप. दोन-तीन गाणी, घरी किंवा स्वस्त स्टुडिओत भरलेली कॅसेट, झेरॉक्स केलेलं कव्हर, काहीशे प्रती. काही फुकट वाटायच्या, काही फक्त त्या दिवशी त्या सभागृहात विकायच्या. ‘फक्त सभागृहात’ ही अट विक्रीची युक्ती होतीच, पण छोट्या बँडला दुकानदाराचा वाटा द्यावा लागू नये हाही हेतू होता. पुढे कॅसेटची जागा सीडी-आरने (घरच्या संगणकावर भरता येणाऱ्या सीडीने) घेतली, अट तशीच राहिली.

दुसरा मार्ग दुकानातून गेला. लाइका एडिसन, झील लिंक, जिशुबान क्लब अशी दुकानं याच संगीतावर उभी राहिली. तिथे सीडी विकत घ्या, बँडशी हात मिळवा, दोन मिनिटं बोला, असे ‘इन्स्टोअर’ कार्यक्रम होऊ लागले. एक सीडी, भेटीची एक चिठ्ठी. जपानमध्ये नव्या सीडीची किंमत कंपनीने ठरवलेली असते, दुकानदाराला ती उतरवता येत नाही. तेव्हा स्वस्त देऊन गिऱ्हाईक ओढणं शक्य नाही, मग सोबत काहीतरी द्यायचं: फोटो, कार्डं, भेटीची संधी. एकाच सीडीच्या ए, बी, सी आवृत्त्या निघतात त्याही यामुळेच. साधारणपणे ए आवृत्तीत डीव्हीडी असते आणि साध्या आवृत्तीत एखादं जास्तीचं गाणं. फक्त संगीत हवं असेल तर स्वस्त, साधी आवृत्तीच जास्त देते. नवखे नेमकं उलट करतात आणि शेवटचं गाणं हुकल्याची चुटपुट लावून घेतात.

तिसरा मार्ग ‘चेकी’चा. फुजीफिल्मने १९९८मध्ये आणलेल्या, जागीच फोटो देणाऱ्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्याचं हे जपानी नाव, आणि त्यातून निघणाऱ्या फोटोचंही. फिल्म ८६ × ५४ मिलिमीटर, त्यातलं चित्र ६२ × ४६, एका पाकिटात १० फिल्म. निगेटिव्ह नसतं, म्हणून प्रत्येक फोटो एकुलता एक. ५०० ते १,००० येनला विकला जाणारा चेकी बँडला सीडीपेक्षा कितीतरी किफायतशीर पडतो. तो बंद पाकिटात विकायचा. तुम्हाला हवा असतो गायक, निघतो ढोलवादक. मग कार्यक्रमानंतर बाहेर फुटपाथवर अदलाबदल सुरू होते. पाच फोटोंच्या पैशांत एक हवा तसा मिळतो, म्हणजे बँड सरळ आवळा देऊन कोहळा काढतो, पण बँडची व्हॅन या पैशांवरच पुढच्या गावाला जाते हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. चेकी उन्हात ठेवला की त्याचा रंग उडतो आणि मऊ पीव्हीसीच्या खिशात तो चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्यावेत. थंडीत, ५ अंशांखाली काढलेला चेकी फिका आणि निळसर येतो. हिवाळी दौऱ्यातले चेकी अनेकदा असे का दिसतात, याचं कारण एवढंच.

या व्यवहाराभोवती प्रेक्षकांचे स्वतःचे नियम तयार झाले. चाहतीला ‘बांग्या’ म्हणतात, पुरुष चाहत्याला ‘ग्याओ’, ज्याच्यासाठी येतो तो ‘होन्मेई’. आत सोडतात ते तिकिटावरच्या क्रमांकाने: ‘ए’चे सगळे क्रमांक संपल्याशिवाय ‘बी १’ला आत सोडत नाहीत. तैबानमध्ये पहिली रांग मात्र रात्रभर कोणाच्याच मालकीची नसते. ज्याचा बँड त्याचे चाहते पुढे, बँड संपला की मागे सरून पुढच्यांना जागा. काही बँडांच्या चाहत्यांत ही वाटणी करणारी ‘शिकिरी’ असते. ती आधीच नावं घेते, जागा ठरवते. ही पद्धत अनेक सभागृहांना आणि बँडांना मान्य नाही, आणि ते रास्त आहे. तिकिटाचा क्रमांक मग कशासाठी? तरीही ती टिकली, कारण पन्नास माणसांच्या सभागृहात रोज तीच वीस माणसं भेटतात आणि भांडण कोणालाच परवडत नाही.

हालचालीही ठरलेल्या आहेत. गिटारच्या एकल तुकड्याला दोन्ही हात होन्मेईकडे पसरणं म्हणजे ‘साकु’, फुलणं. कमरेतून घडी घातल्यासारखं वाकून केस झोकणं म्हणजे ‘ओरितातामी’. ‘उलटी उडी’ म्हणजे मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीवर झेपावणं. ओरितातामीत कपाळ पुढच्या लोखंडी कठड्यावर आपटणं हा नेहमीचा अपघात. म्हणून पहिल्या रांगेतले कठडा दोन्ही हातांनी धरतात, अर्धं पाऊल मागे उभे राहतात. पिशव्या, छत्र्या बाहेरच्या लॉकरमध्ये. उलट्या उडीत माणसापेक्षा खांद्यावरची पिशवी जास्त इजा करते.

परदेशी चाहते या व्यवस्थेत उशिरा आले. २००२मध्ये ड्युएल ज्युएल डॅलसच्या अ‍ॅनिमे संमेलनात वाजवून गेले, २००४मध्ये डिस्पेअर्सरे बर्लिनला, २००५मध्ये दिर आँ ग्रे तिथेच. मे २००७मध्ये लॉस एंजेलिसला दोन दिवसांचा मोठा कार्यक्रम झाला. पण मोठे बँड परदेशात आले तरी छोटे येणार नव्हते, आणि सभागृहातच विकली जाणारी सीडी बाहेर मिळणार नव्हती. बँडची टपाल विक्रीही बहुधा जपानी पत्त्यावरच. त्यामुळे जपानी पत्ता पुरवणारे मध्यस्थ आणि क्लोझेट चाइल्डसारखी जुन्या मालाची दुकानं हाच रस्ता उरला.

तिथे फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. सीडीभोवतीची कागदी पट्टी, ‘ओबी’, नसेल तर जुन्या मालाची किंमत उतरते. ऐकण्यासाठीच घेत असाल तर बिनओबीची प्रत उत्तम सौदा. नावाचा शोध रोमन लिपीत आणि काताकाना या जपानी लिपीत वेगवेगळा घ्यावा, कारण विकणारा एकाच लिपीत लिहितो. नव्वदच्या दशकातले लांबट पुठ्ठ्यातले ८ सेंटीमीटरचे सिंगल (एकदोन गाण्यांच्या छोट्या सीडी) फटीतून सीडी ओढणाऱ्या यंत्रात घालू नयेत, अडकतात. ट्रे असलेलं यंत्र लागतं, त्यातल्या आतल्या वर्तुळात त्या बसतात. डीव्हीडी ठरावीक प्रदेशातल्या (‘रीजन’) यंत्रावरच चालते: जपानी डीव्हीडी रीजन २ची, भारतातली यंत्रं रीजन ५ची. ब्लू-रेला तिकडे ए, इकडे सी. बँडने स्वतः भरलेल्या डीव्हीडी-आरला बरेचदा ही अडचण येत नाही.

सीडी-आरचा रंगथर मात्र म्हातारा होतो, आणि त्यावर कागदी लेबल चिकटवलं असेल तर लवकर. अशी चकती हाती आली की आधी तिची प्रत काढावी. इतक्या कमी प्रती असतात की काढलेली प्रत बिनचूक आहे का हे पडताळण्याच्या सार्वजनिक नोंदींत जुळणी सापडत नाही. दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचून चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवावेत. फाइलींची नावं अगम्य चिन्हांत दिसली तर घाबरू नये, ती जुन्या शिफ्ट-जिस लिपीसंकेतात असतात आणि बदलून घेता येतात. कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळावी, आणि फितीमागची फोमची गादी जागेवर आहे का ते पाहावं. गादी पडलेली असली की उंच आवाज नाहीसे होतात आणि लोक दोष ध्वनिमुद्रणाला देतात.

२००६मध्ये थांबलेला डेडमन २०१९मध्ये परतला, २०००मध्ये मोडलेला केइन २०२२मध्ये. मधल्या काळात त्यांची गाणी टिकली ती अशाच कॅसेटींत आणि चकत्यांत. २०२०च्या साथीत सभागृहं बंद पडली, उघडली तेव्हा ओरडायला आणि झेपावायला बंदी होती, इन्स्टोअर भेटी व्हिडिओ कॉलवर गेल्या. आता कठड्यापाशी पुन्हा केस झोकले जातात, आणि दारावरचा माणूस पुन्हा विचारतो, आज कोणासाठी?